बाळगोळी: गिरणगावातल्या तान्ह्या बाळांच्या रडण्याची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कितीतरी बायका कामावर निघताना तान्ह्याला बाळगोळी चाटवत. तिच्यात अफू असे, आणि अफू तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळे. 1922 च्या सुमारास या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना ही सवय घरोघर दिसली. अफूनं बाळ झोपे, पण त्याची भूकही मरे, शौच अडे, श्वास मंदावे. न रडणारं बाळ दूध मागत नाही. ते वाळत जाई, आणि मात्रा जरा जास्त झाली तर उठतच नसे.

त्या आयांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. दिवसभराची पाळी, चाळीतली एक खोली, आणि बाळ सांभाळायला थकलेली सासू नाहीतर त्याचीच थोरली बहीण. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या घरीही अफू घातलेलं, बाळांना निजवणारं 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे औषध याच कारणानं पोचलं होतं.

रडण्यामागचं कारण शोधायची रीत आपल्याकडे जुनी आहे. काश्यपसंहिता या आयुर्वेदातल्या बालरोगांवरच्या जुन्या ग्रंथाचा वेदनाध्याय त्यासाठीच आहे. बाळ हातानं कान चाचपतं आणि डोकं हलवतं, तर कान दुखतोय. स्तन तोंडातून सोडून उताणं रडतं, पोट ताठरतं, तोंडावर घाम येतो, तर पोटात कळ आहे. बोलता न येणाऱ्या रुग्णाकडे इतकं निरखून पाहणारं दुसरं जुनं लिखाण मला ठाऊक नाही.

तिन्हीसांजेची किरकिर मात्र या कशात बसत नाही. तिच्यासाठी बेंबीभोवती हिंग, मीठमोहरीनं दृष्ट, ग्राइप वॉटर असे उपाय होत आले. 1962 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. निरोगी बाळाचंही रडणं सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाऊन दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचतं, त्यातलं बरंचसं संध्याकाळी असतं, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ते ओसरतं, असं त्यांत दिसलं.

गिरणगावाचा इतिहास या नोंदींशेजारी ठेवून पाहा. तेव्हा पगारी रजेचा कायदाच नव्हता. मजुरी बुडते म्हणून बाळंतीण लवकर कामावर परते, म्हणजे बाळाचं रडणं चढत असतानाच. मुंबई कायदेमंडळात 1928 मध्ये प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला. 1948 च्या कारखाना कायद्यानं 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं, पुढे ती संख्या 30 वर आली.

1986 मध्ये हन्झिकर आणि बार या संशोधकांनी काही आयांना बाळ रोज जास्त वेळ, रडत नसतानाही, कडेवर किंवा झोळीत बाळगायला सांगितलं. सहाव्या आठवड्यात ती बाळं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. या उपायाला पैसा लागत नाही, पण रिकामे हात लागतात. आज कायद्यानं 26 आठवड्यांची रजा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही. तिचं तान्हं फडाच्या बांधावर झोळीत असतं आणि तिच्या हातात कोयता.