स्टुडंट सेक्शन कोर्टाला चिकटून का असतो? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या प्रेक्षकाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची मॅच पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो, की कोर्टाच्या अगदी कडेला ही तोंडाला रंग फासलेली कॉलेजची पोरं कशी काय उभी आहेत, तिथली तिकिटं तर सगळ्यात महाग असायला हवीत ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. प्रेक्षकांचा अनुभव सुधारायच्या नावाखाली तिथे गेल्या शंभर वर्षांत जे जे झालं ते शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतं, पोरांना बसवायचं कुठे, म्हणजे स्टुडंट सेक्शन, विद्यार्थ्यांसाठी राखलेली जागा, कुठे ठेवायची. मोठे स्क्रीन, डीजे, टी-शर्ट उडवणाऱ्या बंदुका, मोबाईलवरची तिकिटं हे सगळं फार नंतरचं.

सुरुवात अर्थातच स्प्रिंगफील्डपासून. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधल्या या गावातलं वायएमसीएचं ट्रेनिंग स्कूल, जेम्स नेस्मिथ नावाचे मास्तर, आणि जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकलेल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. आता ही बाल्कनी लक्षात ठेवा. बघणारे लोक त्याच बाल्कनीत उभे राहायचे, म्हणजे टोपली त्यांच्या हाताशीच, मग आपल्या टीमचा बॉल आला की हळूच आत ढकलायचा आणि समोरच्यांचा आला की उडवून लावायचा असे प्रकार व्हायला लागले. ते थांबवायला टोपलीमागे आडोसा लावला, आधी तारेच्या जाळीचा, मग लाकडाचा, तोच आजचा बॅकबोर्ड. लाकडामुळे मागच्या लोकांना काही दिसेना म्हणून पुढे काच आली. म्हणजे बॅकबोर्ड आला तो प्रेक्षकांना आवरायला आणि काचेचा झाला तोही प्रेक्षकांसाठीच. मला ही गोष्ट फार आवडते, कारण या खेळात बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून किती आत आहे ते यातून नीट कळतं.

त्याच काळात बॉल बाहेर गेला की जो आधी पकडेल त्याचा असा नियम होता, खेळाडू बॉलमागे थेट गर्दीत घुसायचे, म्हणून कितीतरी ठिकाणी कोर्टाभोवती जाळीचा पिंजराच उभा केला होता. अमेरिकन पेपरवाले पुढे कित्येक वर्षं खेळाडूंना 'केजर्स' म्हणत राहिले ते त्यामुळेच. (आपल्याकडेही हा खेळ वायएमसीएनेच आणला, आणि मुंबईत नागपाड्याला जाऊन बघा, तिथे तो वस्तीचा खेळ झालाय, लोक कोर्टाच्या कडेला गर्दी करून बघतात.)

आता एकदम १९३४. तोपर्यंत कॉलेजच्या मॅचेस कॉलेजच्याच जिममध्ये व्हायच्या, आणि जिम इतकी छोटी की अर्धे लोक दारातून परत. नेड आयरिश हा न्यूयॉर्कचा स्पोर्ट्स रिपोर्टर, त्याच्याबद्दल असं सांगतात की मॅच कव्हर करायला गेला तर दारातून शिरताच येईना म्हणून खिडकीतून चढला आणि पँट फाटली, आणि तिथेच त्याच्या डोक्यात आलं की हा खेळ मोठ्या जागेत न्यायला हवा. पँटची गोष्ट खरी असो नसो, २९ डिसेंबर १९३४ ला त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये एका तिकिटात दोन मॅचेस ठेवल्या आणि १६ हजारांच्या वर लोक आले. मंदीच्या काळात! कॉलेज बास्केटबॉल हा धंदा होऊ शकतो हे त्या रात्री कळलं. १९३८ ला कॉलेज टीम्सची एनआयटी स्पर्धा सुरू झाली, १९३९ ला एनसीएएची, म्हणजे अमेरिकन कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेची.

पण गार्डन कुठल्याच कॉलेजचं नव्हतं. तिथे येणाऱ्यांत पैसे लावायला येणारे भरपूर होते, कोण जिंकतंय यापेक्षा किती पॉइंटांनी जिंकतंय यावर बेटिंग, आणि त्यातून जे व्हायचं तेच झालं. १९५० मध्ये सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कने एनआयटी आणि एनसीएए दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या, आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, आणि १९५१ मध्ये त्याच टीममधली पोरं पैसे घेऊन पॉइंट कमी-जास्त केल्याबद्दल पकडली गेली, बाकीच्या कॉलेजांचीही नावं आली. एनसीएएची फायनल १९५० नंतर गार्डनमध्ये परत कधीच झाली नाही. हे प्रकरण माझ्या मते सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वळणबिंदू आहे, कारण त्यानंतर आपल्या कॅम्पसवरची जागाच बरी ही भावना पक्की झाली.

आणि कॅम्पसवर तेव्हा काही जागा खरंच जबरदस्त होत्या. फिलाडेल्फियातलं पॅलेस्ट्रा १९२७ चं, तिथे आपल्या टीमचा पहिला बास्केट पडला की रंगीत कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडायचा, आणि मॅच थांबवून त्या गोळा करायला लागायच्या. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक युनिव्हर्सिटीचं कॅमरन इनडोअर १९४० चं. कॅन्ससमध्ये लॉरेन्सला ॲलन फील्डहाऊस १ मार्च १९५५ ला उघडलं, तेच कॅन्सस जिथे नेस्मिथ मास्तर १८९८ ला जाऊन राहिले होते. या जागांत एक गोष्ट समान, छत लोखंडी कमानींचं, बाकं लाकडी, आणि लोक कोर्टाच्या इतके जवळ की आवाज बाहेर जायला वाटच नाही. ॲलन फील्डहाऊसमध्ये पाहुण्या टीमची ओळख करून देत असताना पोरं चक्क पेपर उघडून वाचत बसतात, तुमच्यात आम्हाला काडीचा इंटरेस्ट नाही म्हणून, आणि आपली टीम आली की त्याच पेपरचे तुकडे करून हवेत उधळतात. १९८८ मध्ये काही पोरांनी हॉस्टेलच्या बाथरूमचे शॉवरचे पडदे काढून आणले आणि त्यावर रंगाने पाहुण्यांना इशारा लिहून वर टांगला, 'बिवेअर ऑफ द फॉग'. फॉग म्हणजे तिथले जुने कोच फॉग ॲलन. यात मार्केटिंग डिपार्टमेंटचा काहीएक संबंध नव्हता. २०१७ च्या फेब्रुवारीत याच हॉलमध्ये १३०.४ डेसिबल आवाज मोजला गेला, गिनीज रेकॉर्ड झालं.

मधे टीव्ही आला. २० जानेवारी १९६८, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, ह्यूस्टन विरुद्ध यूसीएलए. बेसबॉलच्या प्रचंड मैदानाच्या मधोमध कोर्ट अंथरलं, ५२,६९३ लोक, देशभर रात्रीचं प्रक्षेपण, ह्यूस्टन ७१-६९ ने जिंकलं, एल्विन हेजचे ३९ पॉइंट. टीव्हीसाठी हा दिवस सोन्याचा होता, आज मार्च मॅडनेसला, म्हणजे त्याच एनसीएए स्पर्धेला, जो पैसा मिळतो त्याची सुरुवात बरेच जण इथूनच मानतात. पण स्टेडियममध्ये बसलेल्याला काय दिसलं असेल? सगळ्यात जवळची खुर्चीसुद्धा कोर्टापासून शंभरेक फूट लांब. गर्दीचा आकडा आणि बघण्याचा अनुभव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हाच दिसलं होतं, तरी अजून फायनल फोर, म्हणजे त्या स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीमच्या मॅचेस, फुटबॉलच्या स्टेडियममध्येच भरवतात.

याच्या अगदी उलटं उदाहरण तीनच वर्षांनंतरचं. १९७१ मध्ये मेरीलँडचे कोच लेफ्टी ड्रिसेल यांनी ठरवलं की १५ ऑक्टोबरला प्रॅक्टिस सुरू करायची परवानगी आहे ना, मग रात्री बारा वाजून तीन मिनिटांनीच सुरू करू. खेळाडूंना मैदानावर पळायला लावलं, उजेड कशाचा तर ट्रॅकजवळ उभ्या केलेल्या गाड्यांच्या हेडलाइट्सचा, आणि नुसतं पळणं बघायला विद्यार्थी जमले. त्यातून 'मिडनाइट मॅडनेस' जन्माला आलं, पुढे केंटकीसारख्या ठिकाणी त्याच्या तिकिटांसाठी लोक दिवस-दिवस तंबू ठोकून बसायला लागले. खर्च शून्य.

नियमही प्रेक्षकांमुळे बदललेत. २४ फेब्रुवारी १९७९, ड्यूक विरुद्ध शेजारची नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी, कॅरोलायनाने बॉल नुसता हातात धरून ठेवला, कारण ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायलाच लावणारं शॉट क्लॉक तेव्हा नव्हतंच, आणि हाफटाइमला स्कोअर ७-०. त्या हाफमध्ये कॅरोलायनाचा एक शॉट रिंगला न लागता गेला आणि कॅमरनमधली पोरं एका सुरात 'एअर बॉल, एअर बॉल' ओरडली, ही आरोळी तिथूनच पसरली असं मानतात. १९८५-८६ ला ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, पुढच्या सीझनला थ्री पॉइंट लाइन, म्हणजे त्या रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट. लोकांना सात-शून्य बघायला बोलावता येत नाही.

आता कॅमरनमधल्या पोरांबद्दल सांगतो, कारण ती नेहमी चांगलीच वागायची असं नाही. जानेवारी १९८४ मध्ये मेरीलँडच्या मॅचला त्यांनी एका खेळाडूला धरून घाणेरड्या घोषणा दिल्या, कोर्टावर नको त्या वस्तू फेकल्या. युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट टेरी सॅनफर्ड, राज्याचे माजी गव्हर्नर, त्यांनी पोलीस वाढवले नाहीत, सीट मागे नेल्या नाहीत, एक पत्र लिहिलं, की बाळांनो टोमणे मारा पण स्वच्छ मारा, डोकं वापरा, आणि खाली सही 'अंकल टेरी'. पुढची मोठी मॅच नॉर्थ कॅरोलायनाची. पोरं आली ती डोक्यावर हँगरच्या तारा वाकवून केलेली देवदूतांची वलयं घालून, आणि रेफरीचा निर्णय पटला नाही की शिव्यांऐवजी सगळे मिळून म्हणायचे, 'आम्ही नम्रपणे असहमत आहोत'. प्रेक्षकांना सुधारायचे कितीतरी प्रयोग झाले असतील, पण माझ्या दृष्टीने हे पत्र सगळ्यात वर. जागा काढून घेतली असती तर ती पोरं गप्प झाली असती आणि हॉलही गप्प झाला असता.

मग येतं १९८६, आणि या एका वर्षात दोन्ही रस्ते, हॉल मोठा करायचा की पोरं जवळ ठेवायची, शेजारी-शेजारी दिसतात. जानेवारीत चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायनाचं डीन स्मिथ सेंटर उघडलं, २१ हजारांवर सीट, देणग्यांतून बांधलेलं, पहिलीच मॅच ड्यूकशी, ९५-९२ ने जिंकली. देणगीदारांना खालच्या सीट मिळाल्या आणि विद्यार्थी बरेचसे वर गेले. मार्चमध्ये जेमतेम दहा मैलांवर ड्यूकला काही विद्यार्थ्यांनी याच कॅरोलायनाच्या मॅचसाठी कॅमरनबाहेर पंधरा-एक तंबू ठोकले, आणि त्याचं 'क्रिशेफ्स्कीव्हिल' झालं, कोच क्रिशेफ्स्कींच्या नावाने. आता तिथे एका तंबूत १२ जण, थंडीत कित्येक रात्री, मध्यरात्री कधीही हजेरी. ग्रॅड स्टुडंट्सचा वेगळा कॅम्पआउट सप्टेंबरमध्ये असतो, शनिवार-रविवार तिथे काढायचा, हॉर्न वाजला की धावत जाऊन हजेरी द्यायची आणि शेवटी तिकिटांची लॉटरी, त्यात आपल्याकडून मास्टर्सला गेलेली, आयुष्यात बास्केटबॉल न बघितलेली पोरंही सापडतात. कॅमरनमध्ये ९,३१४ लोकच मावतात, आणि ड्यूकने ते तेवढंच ठेवलं. उलट चॅपल हिलमध्ये १९९१ ला फ्लोरिडा स्टेटचा सॅम कॅसल जिंकून जाताना म्हणाला की हे तर वाइन आणि चीजवालं पब्लिक आहे, म्हणजे श्रीमंत आणि गप्प बसणारं, आणि ते लेबल आजतागायत चिकटलंय. शेवटी २००० च्या सुमारास त्यांना बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी उभं राहायचे स्टँड करावे लागले.

मी स्वतः ॲरिझोना स्टेटला शिकायला होतो, टेंपीला, त्यामुळे पडद्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१३ ला विद्यार्थ्यांनी पाइपांची चौकट करून त्याला काळा पडदा लावला आणि पाहुणी टीम सेकंड हाफमध्ये ज्या बास्केटवर शॉट घेते त्याच्या मागे, स्टुडंट सेक्शनच्या मधे उभा केला. होतं असं की समोरचा खेळाडू फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, उभा राहतो, बॉल एकदा टप्पा देतो, दोनदा देतो, हॉलमध्ये कुजबूज, पडद्यामागे कोण लपलंय ते आम्हालाही माहीत नसायचं, तो मान वर करतो आणि फर्रकन पडदा उघडतो, आत घोड्याचे मुखवटे घातलेले दोघं नाचतायत. फक्त काही सेकंद, मग पडदा बंद. मी गळा बसेपर्यंत ओरडलोय तिथे, आणि मला तेव्हा फाउल म्हणजे नेमकं काय हेही धड कळत नव्हतं! न्यूयॉर्क टाइम्सने आकडे काढून बघितले तर या पडद्याचा एका मॅचमागे एक-दोन पॉइंटांचा फायदा होत असावा असं निघालं. जानेवारी २०१६ मध्ये पडदा उघडला तर आत ऑलिम्पिकवाला मायकल फेल्प्स, पोहायच्या चड्डीवर, गळ्यात गोल्ड मेडलं. ओरेगन स्टेटच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो चुकले.

जवळ बसण्याचा धोकाही आहेच. मॅच जिंकली की हजारो पोरं कोर्टावर धावतात. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेजांच्या लीगने २००४ पासून त्यावर कॉलेजला दंड लावला, २०२३ मध्ये तो पहिल्या वेळी १ लाख डॉलर आणि तिसऱ्या वेळी ५ लाखांपर्यंत नेला. जानेवारी २०२४ मध्ये ओहायो स्टेटला आयोवा युनिव्हर्सिटीची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क अशीच धावत आलेल्या एका प्रेक्षकावर आदळून पडली, पुढच्याच महिन्यात वेक फॉरेस्टला ड्यूकच्या काइल फिलिपॉव्स्कीचा गुडघा दुखावला. इथे माझं मत स्पष्ट आहे, खेळाडू आत गेल्याशिवाय पोरांना अडवणारा दोर सोडायचा नाही, पण त्यासाठी पोरांना वरच्या मजल्यावर पाठवायचं कारण नाही.

आणि क्लार्कचं नाव आलंच आहे तर मुलींच्या खेळाचं सांगायलाच हवं. शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभावाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, पण त्यानंतर कित्येक वर्षं मुलींच्या मॅचला रिकामी बाकंच असायची. १५ ऑक्टोबर २०२३ ला आयोवाने किनिक या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर मॅच ठेवली, ५५,६४६ लोक आले, मुलींच्या बास्केटबॉलचा विक्रम, वारा इतका की शॉट पडेनात, तरी क्लार्कने ३४ पॉइंट केले. पण तो एक दिवसाचा सोहळा. खरी गंमत त्यांच्या नेहमीच्या कार्व्हर-हॉकाय हॉलमध्ये, तिथली त्या अख्ख्या सीझनची तिकिटं आधीच संपलेली. लोक थंडीत बाहेर लाइन लावायचे, आणि मॅच संपल्यावर टीम जिथून आत जाते तिथल्या कठड्यावर आठ-दहा वर्षांच्या मुली, अंगात क्लार्कच्या २२ नंबरचा जर्सी, एका हातात मार्कर, पोट कठड्यावर टेकवून खाली हात लांब करून लटकलेल्या असायच्या.