पैसे उलटतात, कॉइन उलटत नाही: पी-टू-पी क्रिप्टो फसवणुकीची पार्श्वभूमी

पी-टू-पी, म्हणजे एका माणसाने दुसऱ्याशी थेट केलेल्या, क्रिप्टो व्यवहाराची एक बाजू पक्की असते, दुसरी कच्ची. विकणाऱ्याने बिटकॉइन किंवा यूएसडीटी (डॉलरच्या मोलाला बांधलेलं कॉइन) सोडला की तो मागे खेचायची सोय नाही. त्याबदल्यात आलेले पैसे मात्र कार्ड कंपनी, बँक किंवा पोलीस अडवू शकतात, काढूनही घेऊ शकतात. या धंद्यातली सगळ्यात जुनी फसवणूक याच फटीतून चालते. गेल्या पंधरा वर्षांत पैसे उलटवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे तेवढं बदलत गेलं.

गंमत अशी, की बिटकॉइन जन्मला तोच या दुखण्यावर औषध म्हणून. सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या निबंधात सुरुवातीलाच ही तक्रार आहे: मध्ये बँक असली की तिला वाद मिटवावे लागतात, आणि वाद मिटवायचे म्हणजे पूर्ण झालेला व्यवहारही फिरवता येतो. तरीही बिटकॉइनची डॉलरमधली पहिली ज्ञात विक्री पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवरूनच झाली. १२ ऑक्टोबर २००९ रोजी फिनलंडच्या मार्ती माल्मीने ५,०५० बिटकॉइन ५.०२ डॉलरला दिले. पाच डॉलरसाठी कोण फसवणार?

वर्षभरात फसवणारे आले. माउंट गॉक्स हे एक्सचेंज (बिटकॉइन खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार) जुलै २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे पेपालने पैसे भरता येत. चोरलेल्या पेपाल खात्यातून पैसे भरायचे, बिटकॉइन उचलायचे आणि निघून जायचं. खऱ्या खातेदाराने तक्रार केली की पेपाल ती रक्कम घेणाऱ्याच्या खात्यातून वजा करे. यालाच चार्जबॅक म्हणतात. विक्रेत्याच्या संरक्षणासाठी पेपाल माल पाठवल्याची कुरियर पावती मागत असे, आणि बिटकॉइनला कुरियर पावती आणायची कुठून? ऑक्टोबरपर्यंत माउंट गॉक्सचा पेपालचा दरवाजा बंद झाला.

मग लोकांनी माणूस तपासायला सुरुवात केली. २०१० मध्येच सुरू झालेल्या बिटकॉइन-ओटीसी या चॅट-बाजारात प्रत्येकाला उणे १० ते अधिक १० असं मानांकन मिळे. २०१२ मध्ये हेलसिंकीहून लोकलबिटकॉइन्स हा मंच (सौदे जुळवणारं संकेतस्थळ) सुरू झाला आणि एस्क्रो रूढ झाला: ऑर्डर लागली की विकणाऱ्याचे कॉइन मंचाकडे अडकतात, पैसे पोहोचल्याचं त्याने मान्य केलं की सुटतात. यात एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. एस्क्रो राखतो तो घेणाऱ्याला. कॉइन सोडल्यानंतर तीन आठवड्यांनी पैसे उलटले तर एस्क्रो तोवर कधीच रिकामा झालेला असतो. म्हणून अमेरिकेतले जुने विक्रेते बँकेत रोख भरायला लावत आणि पावतीवर 'परतावा नाही' असं हाताने लिहून तिचा फोटो मागत. रोकड उलटवणं अवघड, आणि उद्या वाद झालाच तर तो फोटो हाताशी.

भारतात हा बाजार वाढायला रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक कारण झालं. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नये, असा आदेश निघाला. एक्सचेंजमध्ये रुपये भरायचे मार्ग बंद झाले, तेव्हा मुंबईच्या वझीरएक्ससह काहींनी पी-टू-पी उघडलं. रुपये एका माणसाच्या खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात जाणार आणि एक्सचेंज फक्त कॉइन सांभाळणार. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं, पण सवय राहिली. जुलै २०२२ पासून क्रिप्टो व्यवहारांवर १ टक्का टीडीएस लागला, तेव्हा बरेच व्यवहार परदेशी मंचांकडे वळले, आणि तिथे रुपया पोहोचवायचा मार्ग मुख्यतः पी-टू-पीच.

भारतीय विक्रेत्याला वाटलं, आपण सुरक्षित. यूपीआय आणि आयएमपीएस हे पैसे ढकलण्याचे मार्ग आहेत. पाठवणाऱ्याने पिन टाकला की रक्कम गेली. चार्जबॅकचं बटण ग्राहकाच्या हातात नाही. सगळं खरं, पण उलटवण्याची वाट दुसरीकडून होती.

तिचा पाया १९९९ चा आहे. लाचलुचपतीच्या एका खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बँक खातं ही पोलिसांनी जप्त करण्याजोगी 'मालमत्ता' नाही असं म्हटलं होतं. महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली तपास अधिकारी खातं गोठवू शकतो. त्यावर २०२१ मध्ये वेग चढला. सायबर फसवणुकीची तक्रार घेऊन बँकांना लगेच कळवणारी केंद्रीय यंत्रणा आणि हेल्पलाइन सुरू झाली. तिचा क्रमांक आता १९३०. बळी पडलेल्या माणसासाठी ही व्यवस्था हवीच होती. पी-टू-पी विक्रेत्याला मात्र ती चार्जबॅकसारखी लागते.

समजा ९० रुपये दराने ५०० यूएसडीटी विकायला लावले. ऑर्डर येते, कॉइन एस्क्रोत अडकतात, बहुधा १५ मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. ४५,००० रुपये खरोखरच जमा होतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसतात. विक्रेता कॉइन सोडतो. पण ते पैसे पाठवले तिसऱ्याच माणसाने. टेलिग्रामवरच्या 'टास्क' नोकरीत किंवा बनावट शेअर अ‍ॅपमध्ये गुंतवतोय अशा समजुतीने. कॉइन घेणाऱ्या ठगाने त्याला विक्रेत्याचाच खाते क्रमांक 'कंपनीचं खातं' म्हणून दिलेला असतो. चार दिवसांनी तो फसलेला माणूस १९३० ला फोन करतो आणि विक्रेत्याच्या खात्यावर होल्ड लागतो, म्हणजे पैसे गोठतात. कॉइन तोवर दोन-तीन वॉलेट पार करून गेलेले.

यावर मंचांनी नियम केला, की पैसे केवायसीच्या नावाच्याच खात्यातून यावेत. नियम चांगला, पण त्यालाही पळवाट निघाली: भाड्याने घेतलेलं खातं, म्हणजे म्यूल अकाउंट. हजार-दोन हजार रुपयांसाठी एखाद्याचं खातं आणि त्याच्याच नावाची केवायसी, दोन्ही ठगाच्या हाती येतात. नाव तंतोतंत जुळतं, पैसे मात्र चोरीचेच. क्वचित घेणारा स्वतःच तक्रारदार होतो: कॉइन घेतो आणि 'माझ्या खात्यातून परस्पर पैसे गेले' असं सांगतो.

तपास साखळीने चालतो आणि बँका-पोलिसांच्या भाषेत त्याला लेयर म्हणतात. बळीचे पैसे थेट जिथे गेले तो पहिला लेयर, तिथून पुढे गेले तो दुसरा. विक्रेत्याने त्याच पैशातून घरभाडं किंवा किराणा दिला असेल, तर घरमालकाच्या आणि दुकानदाराच्या खात्यापर्यंत होल्ड पोहोचू शकतो. तक्रार तेलंगणातली आणि खातं पुण्यातलं, असंही होतं, आणि खुलासा द्यायचा तो तिकडच्या ठाण्यात.

बचाव अनुभवातूनच तयार झाला. व्यवहारासाठी वेगळं खातं, पगाराचं नव्हे. स्क्रीनशॉट किंवा एसएमएसवर विश्वास नाही. अ‍ॅपमध्ये पाठवणाऱ्याचं नाव पाहायचं. चेक भरून 'जमा' दाखवला असेल तर वापरता येणारी शिल्लक वाढली का ते बघायचं, कारण चेक वटायच्या आधीही नोंद दिसते. नाव वेगळं निघालं तर कॉइन न सोडता मंचाकडे अपील करायचं आणि पैसे आले त्याच खात्यात परत पाठवायचे. 'दुसऱ्या खात्यावर पाठवा' असं सांगणारा घेणारा हा वेगळा सापळा आहे: मूळ बळीची तक्रार उभीच राहते आणि पैसे ठगाकडे जातात.

बाजारभावापेक्षा दोन-तीन रुपये जास्त देणाऱ्याला घाई का आहे, हेही विचारायला हवं. चोरीच्या पैशाला दराशी देणंघेणं नसतं.

पुरावा जपण्यात एक अडचण मंचांनीच करून ठेवली आहे. पैसे पाठवताना शेऱ्यात 'क्रिप्टो' लिहू नका, असं अनेक मंच सांगतात, कारण बँक व्यवहार अडवते. मग स्टेटमेंटवर उरतं फक्त एका अनोळखी माणसाचं नाव. म्हणून ऑर्डर क्रमांक, चॅट, १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि कॉइन सुटल्याची मंचावरची नोंद, चारही एकत्र जपावे लागतात.

जुलै २०२४ पासून कलम १०२ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने घेतली. गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेच्या जप्तीसाठी कलम १०७ वेगळं आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत होल्ड वादातल्या रकमेपुरताच ठेवायला सांगितलं. त्यामुळे बँकेकडून लेखी मागायच्या गोष्टी तीन: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या ठाण्याची नोटीस, आणि होल्ड नेमका किती रुपयांचा. ते हाती आल्यावर तपास अधिकाऱ्याला वरचे चार पुरावे देऊन निवेदन, आणि तिथे काम झालं नाही तर याच संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.