मेंकोमधला पत्ता नेमका उलटवतं कोण?

जपानमध्ये पोरांचा एक जुना खेळ आहे, मेंको. जाड पुठ्ठ्याचा गोल किंवा चौकोनी पत्ता, त्यावर सामुराई, सुमो पैलवान नाहीतर बेसबॉलवाला. समोरच्याचा पत्ता जमिनीवर पडलेला असतो, आपण आपला पत्ता जोरात आपटायचा आणि त्याचा उलटला की तो आपल्या खिशात. बस्स एवढंच.

बघणाऱ्याला वाटतं धक्क्याने उलटला. धक्क्याचा वाटा असतोच, पण शेजारी आपटलेल्या पत्त्याने दुसरा उलटतो तेव्हा खरी करामत हवेची असते. पत्ता सपाट खाली येतो तेव्हा त्याच्याखालच्या हवेला बाजूने पळण्याशिवाय रस्ताच नसतो, आणि फट जसजशी कमी होते तसतसा तिचा वेग वाढतो. ढोबळ हिशोब करू. गोल पत्त्याची त्रिज्या ३ सेंमी, खाली यायचा वेग सेकंदाला ५ मीटर. जमीन ३ मिलिमीटरवर आली की कडेने सुटणारी हवा सेकंदाला २५ मीटरवर जाते, म्हणजे ताशी ९० किलोमीटर! पडलेला पत्ता ५ ग्रॅमचा धरला तर एवढ्या झोताचा पूर्ण दाब त्याच्या वजनाच्या वीसेक पट भरतो. आता बरीचशी हवा वरून आणि बाजूने वायाच जाते, पण थोडी जरी कडेखाली शिरली तरी ती कड उचलते, समोरची कड बिजागरीसारखी टेकलेली राहते आणि पत्ता पालथा.

म्हणून तिरका आपटला की खेळ फसतो, हवा रुंद फटीतून आरामात निघून जाते. आणि जमिनीला घट्ट चिकटून बसलेला पत्ता काही केल्या हलत नाही, जरा वाकलेला किंवा खड्यावर टेकलेला असला की गेलाच.

गंमत म्हणजे जपानच्या एदो काळात (१६०३ ते १८६८) हे मेंको मातीचे असायचे, मग मेजी काळात (१८६८ ते १९१२) शिशाचे आले. शिसं ३२७ अंशालाच वितळतं, साच्यात ओतायला सोपं, पण विषारी, आणि ते पोरांच्या हातात! पुढे पुठ्ठा आला हे बरंच झालं. माझ्या मते खेळात हवा खऱ्या अर्थाने उतरली ती तेव्हाच, कारण शिशाची जड चकती असल्या झोताला काय दाद देणार.

कोरियातला दाकजी ह्याचाच भाऊ, २०२१ च्या त्या गाजलेल्या ‘स्क्विड गेम’ सिरीजमधला. तो कागदाच्या घड्या घालून बनवतात, त्यामुळे जाड असतो, आणि तिथे शेजारी नाही तर थेट समोरच्याच्या दाकजीवरच हाणतात.