लाइव्ह ऑपरेटिंग सिस्टिम : इंटरनेट वापरातील धोके

हार्ड डिस्कवर इन्स्टॉल न करता डीव्हीडी वा पेनड्राइव्हवरून थेट चालणारी कार्यप्रणाली. कामाच्या ओघात झालेले बदल रॅममध्ये राहतात आणि संगणक बंद होताच पुसले जातात.

या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक बूट फ्लॉपीपर्यंत (संगणक सुरू करून देणाऱ्या जुन्या चकतीपर्यंत) मागे जातात. पण फ्लॉपीवर पूर्ण प्रणाली क्वचितच मावत असे. सीडीवरून चालणारी यग्ड्रासिल लिनक्स साधारण १९९२-९३ मधली. मात्र क्लाउस क्नोपर यांच्या क्नॉपिक्समुळे (२०००) हार्डवेअर आपोआप ओळखणारी लाइव्ह सीडी सर्वत्र पोहोचली, म्हणून प्रसाराचा आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक ठरते. गोपनीयतेला वाहिलेली टेल्स ही लाइव्ह प्रणाली २००९ पासूनची.

बंद केल्यावर सारे पुसले जाते, यावरून प्रणाली सुरक्षित असल्याचा समज होतो. तो अपुरा आहे. पुसले जाण्याचा लाभ बंद केल्यानंतरचा. हल्ला होतो तो प्रणाली चालू असताना. ब्राउझरमधील त्रुटीतून शिरलेला कोड त्या सत्रातील पासवर्ड व कुकीज (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या नोंदी) तेव्हाच बाहेर पाठवू शकतो. त्यातच आयएसओ प्रतिमा (पेनड्राइव्हवर उतरविली जाणारी संपूर्ण प्रणालीची एकसंध फाइल) तयार झाली त्या दिवसाशी गोठलेली असते. सहा महिने जुन्या पेनड्राइव्हवरचा ब्राउझर तितकाच जुना राहतो, आणि सत्रात केलेले अपडेट पुढच्या वेळी उरत नाही. अनेक वितरणांत (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत) लाइव्ह वापरकर्त्याला पासवर्डविना सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालविण्याची सोय, मिळतो. त्यामुळे शिरकाव झालाच, तर हल्लेखोराला रूट अधिकार (प्रणालीवरील सर्वोच्च अधिकार) सहज मिळतात. मग संगणकातील हार्ड डिस्क माउंट करून (प्रणालीला जोडून) फाइली वाचता वा बदलता येतात. डिस्क एन्क्रिप्ट (कूटबद्ध) केलेली असल्यास वाचणे टळते, नष्ट करणे नव्हे. संगणकाच्या फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरमध्येच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बसलेला मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) तर पेनड्राइव्ह बदलूनही जात नाही.

मूळ प्रतच दूषित असण्याचा धोकाही खरा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या वितरणाच्या संकेतस्थळावरील दुवे बदलून बॅकडोर (हल्लेखोरासाठी ठेवलेली छुपी वाट) असलेली आयएसओ पुरविली गेली होती. म्हणून डाउनलोडनंतर डिजिटल स्वाक्षरी (फाइल मूळ निर्मात्याचीच असल्याची खूण) पडताळावी. केवळ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणी-अंक) जुळणे पुरेसे नाही, कारण फाइल बदलू शकणारा त्याच पानावरचा चेकसमही बदलू शकतो.

आयपी पत्ता (इंटरनेटवर संगणकाची ओळख पटविणारा क्रमांक) लाइव्ह प्रणालीने आपोआप लपत नाही. टेल्समध्ये इंटरनेट रहदारी टॉर या ओळख लपविणाऱ्या जाळ्यातून वळविली जाते, सर्वसाधारण वितरणांत तशी सोय नसते. पेनड्राइव्हवर कायम साठवणीचा भाग उघडून ठेवल्यास त्यातील मजकूर मागे उरतो, आणि तो चालू सत्रातील मालवेअरलाही वाचता येतो.