दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते

काकडी, कारले, दोडका, दुधी, पडवळ आणि भोपळा यांच्या बहुतेक वाणांत नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात, पण दोन्ही एकाच वेलावर येतात. पाकळ्यांच्या खाली इवलेसे फळ दिसले की ते मादी फूल समजावे. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, त्यामुळे फुले असूनही फळ धरत नाही म्हणून पहिल्या काही दिवसांत घाबरून जाण्याचे कारण नसते. या फुलांचे परागकण चिकट असल्याने वारा ते वाहून नेत नाही. ते काम कीटकांनीच करायचे असते, आणि त्यासाठी त्यांना जेमतेम काही तास मिळतात.

हे तास प्रत्येक भाजीचे निराळे असतात. काकडी, कारले आणि भोपळ्याची फुले पहाटे किंवा सकाळी उमलतात व दुपारपर्यंत मिटू लागतात, म्हणून सातेरी, फुलोरी आणि आग्या या मधमाश्यांची वर्दळ तिथे सकाळीच दिसते. घोसाळ्याचे पिवळे फूलही सकाळचेच, मात्र त्याच्या जवळच्या नात्यातला दोडका दिवस कलल्यावर उमलतो. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलेही संध्याकाळी उघडतात आणि त्यांच्याकडे लांब सोंडेचे पतंग येतात.

पुरेसे पराग न मिळालेले कोवळे फळ पिवळे पडून गळते. काकडीत काही बीजांडेच फलित झाली, तर ज्या भागात बी धरत नाही तो भाग नीट वाढत नाही आणि फळ वाकडे किंवा टोकाला निमुळते होते. (पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीला परागीभवन लागत नाही, ही गोष्ट वेगळी.) फळमाशीने डंख केलेले फळही असेच पिवळे पडते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. गळालेले फळ चिरून पाहावे: आत अळ्या असतील तर दोष फळमाशीचा, नसतील तर परागीभवन कमी पडले असण्याची शक्यता मोठी. ही तपासणी न करता फुलांच्या वेळेत कीटकनाशक फवारले, तर पराग वाहणारे कीटकच मरतात आणि गळ आणखी वाढते.

मधमाश्या वाचवण्यासाठी संध्याकाळी फवारा, असा सल्ला सर्रास दिला जातो. काकडी-कारल्यासाठी तो रास्त आहे; दोडका, दुधी आणि पडवळ यांच्या मांडवात मात्र त्याच वेळी फुले उमलत असतात, हे सांगायचे राहून जाते आणि ते मला गंभीर वाटते. दोन्ही प्रकारचे वेल शेजारी असलेल्या वाडीत तर फवारणीला निर्धोक वेळ सापडणे कठीण. तिथे नर फळमाश्या पकडणारे क्यू-ल्यूर या गंध-आमिषाचे सापळे लावणे, किडकी फळे रोज गोळा करून नष्ट करणे आणि थोडेच वेल असतील तर दोडक्याचे ताजे नर फूल तोडून संध्याकाळीच मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवणे, हे उपाय अधिक उपयोगी ठरतात.