बाळंतिणीचा तिसरा दिवस

सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं की बाळंतिणीला किमान 48 तास ठेवून घ्यायचं असतं. सिझर असेल तर मुक्काम आठवड्यापर्यंत लांबतो. म्हणजे साध्या बाळंतपणानंतर बहुतेक बायका घरी पोचतात त्या तिसऱ्या दिवशी. नेमकं तेव्हापासून पाचव्या दिवसापर्यंत सगळं एकदम अंगावर येतं. स्तन भरून दगडासारखे होतात. बाळ पिवळं दिसू लागतं. आईचं ब्लड प्रेशर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा वर चढू शकतं. आणि काही कारण नसताना रडू फुटतं. दवाखान्यात ठीक वाटणारी बाई पाखाडी (डोंगरउतारावरची पायऱ्यांची वाट) चढून वाडीतल्या घरी गेल्यावर घाबरते, ती यामुळे.

म्हणून सुट्टीआधी सिस्टर तिच्याशी काय बोलते आणि कशी बोलते, हा उपचाराचाच भाग आहे. त्यामागे शरीरशास्त्र आहे.

दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणाचं संप्रेरक (हॉर्मोन) झपाट्याने उतरतं, दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा मार्ग मोकळा होतो आणि दोन ते चार दिवसांत दूध भरतं. तोवर चीक पुरतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभरच पितं. पण तयार दूध बाहेर ढकलतं ते ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक. बाळ चोखू लागलं की ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतं आणि दूधपिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतात. भीती, वेदना, चारचौघांत वाटणारी लाज यांनी हे सुटणं अडतं. परका माणूस धार काढायला बसला की गाय पान्हा चोरते, हे गोठा असलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. वॉर्डात दहा जणांसमोर ‘एवढं साधं जमत नाही का?’ असं ऐकलेल्या बाईचं तेच होतं. दूध असतं, उतरत नाही. बाळ रडतं, घरचे म्हणतात दूध नाही, वरच्या दुधाचा डबा येतो, बाळ कमी चोखतं आणि मग दूध खरोखरच कमी होतं.

हेच ऑक्सिटोसिन गर्भाशयही आवळतं. पाजताना ओटीपोटात कळ येते ती त्याचीच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती जास्त जाणवते. ही कळ रक्तस्राव आवरणारी आहे, हे आधी सांगितलं नाही तर दुखतंय म्हणून बाई पाजणंच टाळते.

पाजायला शिकवताना सिस्टरने स्तन पकडून बाळाच्या तोंडात कोंबू नये. आधी विचारावं, ‘हात लावू का?’ आईची पाठ टेकलेली हवी, टाके असतील तर बसायला घडी केलेली मऊ चादर. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लावलं की बाळ मोठा आ करतं. त्याच क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं, आईने बाळावर वाकायचं नाही. बरोबर लागलं असेल तर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसतो. सुरुवातीच्या काही क्षणांनंतरही दुखत राहिलं तर पकड चुकली आहे. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी सरकवून चोखणं सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. सिझरवाल्या आईला कुशीवर झोपून, किंवा बाळाचे पाय काखेतून मागे घेऊन पाजणं सोपं जातं. टाक्यांवर भार येत नाही.

तिसऱ्या दिवशी स्तन एवढे ताठरतात की काळा भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं ठेवावं. मग अंगठा वर आणि बोटं खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवून, आधी छातीकडे दाबायचं आणि नंतर चिमटीत आवळायचं. कातडीवरून बोटं ओढायची नाहीत. थोडं दूध काढलं की भाग मऊ होतो आणि बाळ धरतं. काढलेलं दूध उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) पाजावं. पाजून झाल्यावर गार फडकं. एका बाजूला लाल, दुखरा पट्टा आणि थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवावं, पण त्या बाजूचं पाजणं थांबवू नये.

‘दूध पुरतंय का?’ या प्रश्नाला आईजवळ उत्तर नसतं, आणि विचारणारा प्रत्येक पाहुणा तिची धास्ती वाढवतो. त्याऐवजी लंगोट मोजावेत. दुसऱ्या दिवशी निदान दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा शू. काळी-हिरवट शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. 24 तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतं. पहिल्या दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. मे महिन्याच्या उकाड्यातही वर पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. मध आणि गुटी तर नकोच.

कावीळ बघायची ती उजेडात. कोकणातल्या घरांत बाळंतिणीची खोली माजघराशेजारी, अंधारी. पावसाळ्यात दारं-खिडक्याही बंद. पिवळ्या दिव्याखाली काही कळत नाही. बाळाला पडवीत आणून कपाळावर, छातीवर, नडगीवर बोट दाबून उचलावं आणि कातडीचा रंग पाहावा. पहिल्या 24 तासांतला पिवळेपणा, किंवा नंतर कधीही तळहात-तळपायापर्यंत पोचलेला पिवळेपणा म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. कोवळ्या उन्हात ठेवणं हा उपचार नव्हे. त्यासाठी निळ्या दिव्यांची फोटोथेरपी लागते.

शेक-शेगडीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नये. ऊब हवी हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसात जातो. ऊब उघड्या छातीवर बाळ ठेवूनही मिळते. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय तपासावेत: दोन्ही उबदार असतील तर ठीक, पाय गार आणि पोट गरम असेल तर लगेच छातीशी घ्यावं, दोन्ही गार असतील तर धोका. हे काम बाबाही करू शकतो. मुंबईहून आलेल्या चाकरमानी बापाला बहुतेक वेळा दाराबाहेर बसवतात, ते चुकीचं आहे. सुट्टीच्या सूचना त्याच्यासमोर, येता आलं नसेल तर फोनवर, सांगाव्यात. जुलैत वाळत नसलेले लंगोट इस्त्री करून कोरडे करणं हेही त्याच्या हाती सोपवावं.

डोकेदुखी ही बाळंतिणीची सर्वांत दुर्लक्षित तक्रार. ‘वारा लागला’ म्हणून कानाला फडकं बांधलं जातं. पण जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं म्हणजे प्रेशर मोजायलाच हवं, गरोदरपणी ते नॉर्मल असलं तरीही. 140/90 च्या वर असेल तर डॉक्टर, 160/110 म्हणजे तातडी. तासाभरात पॅड चिंब होणं आणि 38 अंश सेल्सिअसवरचा ताप हीही तशीच लक्षणं.

रडू येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तिसऱ्या दिवशी तिला ‘असं होतं, तुझी चूक नाही’ एवढं पुरतं, आणि दोन तास सलग झोप. दोन आठवडे उलटूनही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं राहिलं तर ते आजारपण आहे. स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हे एकांतात, सरळ शब्दांत विचारावं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या दिवसाची भेट कधीच चुकू नये. सुट्टी देताना सिस्टरने एक चौकशी मात्र आपणहून करावी: रात्री 108 ची गाडी वाडीत कुठपर्यंत येते? साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी गेलं तर दुसरी वाट कोणती, उचलून न्यायला शेजारचे कोण? उत्तरं सुट्टीच्या कार्डाच्या मागे, फोन नंबरांसह, तिथल्या तिथे लिहून द्यावीत.