न्यूटनची चूक आणि पाव किलो कापूस

पहिल्या वेचणीचा कापूस विकला आणि काकाजींनी त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. दारव्ह्याहून गादीत गुंडाळून गाडीवर आणला. चित्र असं की वाघाच्या मिशा मोजाव्यात. बातम्या लागल्या, दोन मिनिटं ऐकलं आणि काकाजी म्हणाले, "काहून रे, हा तोंडात खर्रा धरून बोलून राह्यला का?"

पुतण्याकडे उपाय तयार होता: बाजारातून "दहा हजार वॅटवाला" होम थिएटर आणायचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून माझं मत विचारलं गेलं आणि ते नको तितकं लांबलं. तेच इथं लिहितो आहे.

आधी खर्ऱ्याचं, म्हणजे तोंडात तंबाखू-सुपारी धरल्यासारख्या त्या आवाजाचं पाहू. जुना डब्बा टीव्ही हातभर खोल असायचा, स्पीकर पुढच्या तोंडाला. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट. त्याच्या खालच्या कडेला दोन चपटे स्पीकर असतात आणि बहुतेकदा त्यांचं तोंड जमिनीकडे. बोलणं कळतं ते मुख्यतः व्यंजनांवरून. स, श, ट, क यांचा बराचसा आवाज सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वरचा असतो. आवाज जितका बारीक, तितका तो बॅटरीच्या झोतासारखा समोर जातो, वळून कमी येतो. म्हणजे काकाजींची व्यंजनं टेबलावरच्या विणलेल्या रुमालात जिरत होती. निम्मं दुखणं स्पीकरचं तोंड माणसाकडे केल्यानं बरं होतं, त्याला वॅट लागत नाहीत.

उरलेलं निम्मं खर्जाचं, आणि माझा जीव तिथेच अडकलेला आहे.

एक सुटा स्पीकर घ्या, सहा इंची, गाडीच्या दारात बसवतात तसा. तो नुसता हातात धरून गाणं लावा. ढोलकीची चाटी वाजेल, धुम नाही. आता खोक्याच्या पुठ्ठ्याला गोल भोक पाडून तोच स्पीकर त्यावर दाबून धरा. धुम आली! आवाजाचं बटण तर कोणी फिरवलं नाही. झालं असं की स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची एक लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे सहा इंचांचा वळसा काहीच नाही. पुढची दाबलेली हवा कडेवरून मागच्या विरळ हवेत ओघळते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. पुठ्ठा फक्त ती वाट अडवतो. डबा किंवा पेटी हेच काम पुरतेपणी करते.

गावातली पोरं स्पीकर मडक्याच्या तोंडाला बसवतात त्याला लोक हसतात. मी हसत नाही. मडकं बंद असतं, गोल असतं आणि भिंती ताठ असल्यामुळे पातळ प्लायवूडसारखं स्वतःच थरथरत नाही. फक्त ते पाझरतं, म्हणून बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात द्यायचे आणि स्पीकरची कड एमसीलनं बंद करायची.

पण बंद डब्याची एक किंमत आहे. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पडदा आत आला की ती त्याला बाहेर ढकलते. डबा जितका लहान, तितकी स्प्रिंग कडक. आणि खर्जाला तर पडदा मोकळा हलायला हवा, कारण कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. म्हणून खर्जाला मोठा डबा लागतो. मडकं मात्र बारा लिटरचं. मग?

इथे न्यूटन येतो. १६८७ साली त्यानं हवेतला आवाजाचा वेग गणितानं काढला. हवा दाबली की दाब किती वाढतो हे त्यानं बॉइलच्या नियमानं धरलं: आकारमान निम्मं, दाब दुप्पट. आजचे आकडे घालून ते गणित केलं तर शून्य अंश तापमानाला वेग सेकंदाला २८० मीटर येतो. प्रत्यक्षात तो ३३१ आहे. एवढा मोठा माणूस, आणि उत्तर १५ टक्के कमी! गोम सापडायला शंभरावर वर्षं गेली. १८१६ साली फ्रेंच गणिती लाप्लास यानं सांगितलं की हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, तेच. तापलेली हवा जास्त जोरानं ढकलते, म्हणजे स्प्रिंग १.४ पट कडक होते. बॉइलचा नियम उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळाला तरच लागू होतो, आणि आवाज तेवढा वेळ देत नाही.

आता मडक्यात पिंजलेला कापूस भरा. हवा दाबली जाऊन तापली की ती उष्णता जवळचा धागा पिऊन घेतो. हवा विरळ होऊन गार पडली की धागा ती परत देतो. स्प्रिंगचा जास्तीचा ताठपणा गळून पडतो. म्हणजे कापसाच्या आत न्यूटनच बरोबर ठरतो!

पण धाग्याला तेवढा वेळ तरी मिळतो का? १०० कंपनांच्या आवाजात दाबण्याची वेळ ५ मिलिसेकंदांची. तेवढ्यात हवेतून उष्णता सुमारे ०.३ मिलिमीटर सरकते. बारा लिटरमध्ये २०० ग्रॅम, म्हणजे पाव किलोला जरा कमी कापूस पसरला तर दोन धाग्यांमधलं अंतर साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर भरतं. म्हणजे जमतं. हजार कंपनांना मात्र उष्णता जेमतेम ०.१ मिलिमीटर जाते, तिथे जमेलच असं नाही, पण तिथे आपल्याला गरजही नाही. (हे गणित मी काकाजींना फळ्यावर करून दाखवलं. ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले.)

कागदावर बारा लिटरचं मडकं असं सोळा-सतरा लिटरचं होतं. प्रत्यक्षात एवढं पदरात पडत नाही, निम्मं मिळालं तरी मी खूश. शिवाय मडक्याचा स्वतःचा घुमारा कापूस मारून टाकतो, तो फायदा वेगळाच. कापूस सरकी काढलेलाच घ्या. सरकीसकट कोंबला तर उंदीर स्पीकरचा कागद फाडून आत शिरेल. अ‍ॅम्प्लिफायर त्या मडक्यात ठेवू नका, कापूस पेटायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात तो ओल धरून खाली बसतो, म्हणून वर्षातून एकदा उन्हात टाकून पुन्हा पिंजायचा. तेवढी कटकट नको असेल तर उशीतला पॉलिस्टर चालतो. विकतच्या डब्याला मुद्दाम भोक ठेवलेलं असेल तर मात्र तो गच्च भरायचा नाही, त्याचं गणित निराळं.

अ‍ॅम्प्लिफायरचं थोडक्यात. दहा हजार वॅटच्या खोक्याच्या मागे अ‍ॅडाप्टर पाहा. १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर आत जातात २४ वॅट. आत २४ आणि बाहेर दहा हजार, असं यंत्र खरंच असतं तर महावितरणचं बिल कोणी कशाला भरलं असतं? "पीएमपीओ" (क्षणभराचा फुगवलेला आकडा) अशी अक्षरं दिसली की आकडा विसरा आणि "आरएमएस" (सतत मिळणारे खरे वॅट) शोधा. साधा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, माणसांचं बोलणं असतं ६० च्या घरात. बैठकीच्या खोलीला दर स्पीकरमागे खरे १५-२० वॅट पोटभर झाले. आम्ही तर ४४४० नंबरच्या चिपची जुनी अ‍ॅम्प्लिफायर किट वापरली. ती दोन बाजूंना सहा-सहा वॅट देते, १२ व्होल्टवर चालते आणि गाडीचे चार ओहमचे स्पीकर तिला मानवतात. लाईट गेली तर फवारणी पंपाच्या बॅटरीवरही भागतं, टीव्ही बंद असला तरी मोबाइलवरचं भजन वाजतं.

जोडणी हेडफोनच्या भोकातून. ऑप्टिकल वायरनं जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये "पीसीएम" निवडा, नाहीतर स्वस्तातला डबा मुका राहतो. दोन मडक्यांच्या लाल-काळ्या वायरी सारख्या लावा. एक उलटी लागली की एक पडदा पुढे आणि दुसरा मागे जातो, आणि पुठ्ठ्यानं थांबवलेली मारामारी खोलीच्या मध्यावर पुन्हा सुरू होते. खात्री नसेल तर पेन्सिल सेल क्षणभर लावून पाहा, दोन्ही पडदे एकाच बाजूला उडी मारायला हवेत.

जागेवरून वाद झाला. काकूंना वास्तूच्या पुस्तकातला आग्नेय कोपरा हवा होता. तिथे ठेवल्यावर खर्ज वाढला, त्यामुळे काकू जिंकल्या. मग तेच मडकं मी वायव्येला नेलं, तिथेही तेवढाच वाढला. दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाला पसरू देत नाहीत, सगळा खोलीकडेच परतवतात. भिंतींना दिशा कळत नाही. पण टीव्हीचा प्लग आग्नेयेलाच होता, म्हणून मडकी तिथेच राहिली.

बातम्यावाल्यानं खर्रा थुंकला आहे. फक्त रात्री ढोलकी लागली की फळीवरची स्टीलची ताटं आणि वरचा टिनपत्रा एका विशिष्ट सुरावर झणझणतात. ताटांखाली जुनं लुगडं घातलं. पत्र्याच्या हुकांना रबरी वायसर टाकायचे आहेत, पण तूर निघेपर्यंत वर चढायला माणूस मिळत नाही.